देव पाण्यात : नाशिकचा दुतोंड्या मारुती आणि भरवशाचं गणित

"मारुतीला पाणी कुठवर आलं?"

नाशिकमध्ये दोन दिवस सलग झड लागली की हा प्रश्न घरोघरी, दुकानादुकानांत आणि आता फोनवर सुरू होतो. उत्तरंही ठरलेली असतात. पायाला लागलं. गुडघ्यापर्यंत आलं. कमरेच्या वर गेलं. आणि मग आवाज खाली आणून सांगायचं ते शेवटचं उत्तर : मारुती बुडाला.

तुम्ही नाशिकचे नसाल तर थोडं सांगते. पंचवटीत रामकुंडाजवळ, गोदावरीच्या पात्रातच, दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती आहे. माणसापेक्षा चांगलीच उंच, शेंदरी रंगाची. नावाप्रमाणे दोन तोंडं : एक इकडे बघणारं, दुसरं नेमकं उलट दिशेला. उन्हाळ्यात त्याच्या पायाशी कोरडी फरशी असते आणि लोक शेजारून निवांत चालत जातात. पावसाळ्यात सगळं शहर लांबून त्याच्याकडे बघत असतं.

मराठीत 'देव पाण्यात घालून बसणं' असा वाक्प्रचार आहे. निवडणुकीचा निकाल असो की मुलाची दहावी, आपण सगळेच कधी ना कधी देव पाण्यात घालून बसलेलो असतो. यामागे खरी रूढी आहे. संकटात देवघरातले देव खरोखर पाण्यात ठेवत. पाऊस रुसला की महादेवाचा गाभारा पिंडी बुडेपर्यंत पाण्यानं भरत. कल्पना साधी : देवाची थोडी अडचण केली की तो आपल्याकडे लक्ष देईल.

नाशिकमध्ये हे उलटं होतं. इथं देवाला पाण्यात माणसं घालत नाहीत, नदी घालते. आणि लक्ष द्यायचं असतं ते आपण.

मी भूशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता पीएचडीसाठी गोदावरीच्या जुन्या पुरांच्या खुणा शोधते. कामाला सुरुवात केली तेव्हा डोक्यात एक ठाम समज होता : देवावर हवाला टाकणारी माणसं निष्काळजी असतात, आणि विज्ञानाचं काम म्हणजे त्यांना जागं करणं. चार-पाच वर्षं घाट, पायऱ्या आणि भिंती तपासल्यावर हा समज बराच ढिला झालाय. तो का, ते आज सांगते.

देव की मोजपट्टी?

नदीची पातळी मोजायची सगळ्यात जुनी आणि अजूनही वापरातली पद्धत म्हणजे पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी. चांगल्या पट्टीला तीन गोष्टी लागतात. ती जागची हलता कामा नये. तिच्यावरच्या खुणा लांबून वाचता आल्या पाहिजेत. आणि मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे कुणाला तरी आठवत असलं पाहिजे.

दुतोंड्या मारुती या तिन्ही परीक्षांत पास होतो. तिसऱ्या परीक्षेत तर तो पुलावरच्या पट्टीच्या पुढे आहे, कारण पट्टीवरचा आकडा एका वहीत राहतो आणि मारुतीचा 'आकडा' हजारो लोकांच्या बोलण्यात.

खुणांचंच बघा. वृत्तपत्रात येतं : होळकर पुलाखाली इतके हजार क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. हे मला कळतं, कारण मला ते शिकवलंय. पण गुडघा, कंबर, छाती, गळा ही मापं कुणालाच शिकवावी लागत नाहीत. ती प्रत्येकाच्या अंगावर आहेत. छातीभर पाणी म्हणजे काय, हे चार वर्षांच्या मुलालाही समजतं.

आता पट्टीतला दोष. कोणतंही मोजमापाचं साधन एका मर्यादेपर्यंतच मोजतं. वजनकाट्यावर क्षमतेपेक्षा जास्त वजन टाकलं की काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन अडकतो, तसंच. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरात मारुती बुडाला. ४ ऑगस्ट २०१९ लाही बुडाला. पण या दोन पुरांत मोठा कोणता, ते मारुती सांगू शकत नाही. तो बुडाला की त्याचं मोजणं संपलं.

इथं जुन्या नाशिकची गंमत आहे. मारुती बुडाला की नजर पुढच्या खुणेवर जाते : नारोशंकराच्या देवळाची घंटा आणि सरकारवाड्याच्या पायऱ्या. पाणी पायऱ्यांना लागलं का? घंटेपर्यंत गेलं का? इंजिनिअर लोक उंच काठाच्या नदीवर एकच लांब पट्टी न लावता काठ चढत जाईल तशा टप्प्याटप्प्यानं अनेक पट्ट्या लावतात. एक बुडाली की पुढची वाचायची. नाशिकनं तेच केलंय. फक्त पट्ट्यांच्या जागी एक देव, एक घंटा आणि एका वाड्याच्या पायऱ्या आहेत.

त्या घंटेची गोष्ट तर वेगळीच. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलेलं. घंटा मात्र त्याहून जुनी आणि पोर्तुगीज आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या, त्यांतली ही एक. म्हणजे एका धर्माच्या लोकांना प्रार्थनेला बोलावण्यासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळावर चढली आणि शेवटी कुठल्याही धर्माच्या नाशिककरासाठी पुराची खूण बनली.

आणखी एक गोष्ट, जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. पाणी पायापासून गुडघ्यापर्यंत चढतं आणि छातीपासून गळ्यापर्यंत चढतं, यातला फरक उंचीनं जवळपास सारखा दिसतो. पण रुंद पात्रात पाण्याची खोली दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, साधारण तिपटीच्या वर जातो, कारण खोल पाणी वेगानंही जास्त वाहतं. त्यामुळे मारुतीच्या अंगावरची वरची प्रत्येक वीत खालच्या वितीपेक्षा कितीतरी जास्त पाणी सांगत असते. 'अजून डोकं दिसतंय ना' म्हणून थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कैरो आणि पॅरिस

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. कैरोमध्ये नाईल नदीतल्या रोडा बेटावर एक खोल दगडी विहीर आहे आणि तिच्या मधोमध आठकोनी संगमरवरी खांब. हा नाईलमापक इ.स. ८६१ मध्ये अब्बासी खलिफाच्या काळात बांधला गेला. नदीचं पाणी बोगद्यांतून विहिरीत येई आणि खांबावरच्या हातांच्या खुणांवर त्या वर्षीचा पूर मोजला जाई. त्यावरून पीक किती येणार आणि सारा किती घ्यायचा, हे ठरे. विहिरीच्या भिंतींवर पाणी आणि पिकांविषयीच्या कुराणातल्या आयती कोरलेल्या आहेत. त्याआधीच्या, फेरोंच्या काळातले नाईलमापक तर देवळांच्या आवारातच असत. मोजणं आणि मागणं एकाच विहिरीत.

रोमन लेखक प्लिनीनं या मापांची जंत्री दिली आहे. तिचा सारांश असा की बारा हात पाणी म्हणजे उपासमार आणि सोळा हात म्हणजे आनंदीआनंद. आपल्या गुडघा-कंबर-छातीसारखंच हे. आकड्याच्या शेजारी माणसाची अवस्था लिहिलेली.

दुसरं उदाहरण पॅरिसचं. तिथं आल्मा पुलाच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा आहे, झुआव्ह नावाचा. सीन नदीला पूर आला की पॅरिसकर विचारतात, झुआव्हला पाणी कुठवर आलं? १९१० च्या महापुरात ते त्याच्या खांद्यांपर्यंत गेलं होतं. पुढे १९७० च्या दशकात पूल नव्यानं बांधला, पुतळा हलवून पुन्हा बसवला आणि त्याची उंची बदलली. त्यामुळे आजचे 'गुडघे' आणि १९१० चे 'खांदे' थेट ताडून बघता येत नाहीत.

हे माझ्या कामाच्या मधोमध येऊन बसतं. मारुती हलला नाही असं धरलं, तरी त्याच्या भोवतीची नदी हलली आहे. घाट बांधले गेले, काठ आत सरकले, कुंडांच्या तळाशी काँक्रीट पडलं (ते काढावं म्हणून वाद न्यायालयापर्यंत गेला). पात्र अरुंद झालं की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. म्हणून १९६९ च्या पुरातली 'छाती' आणि २०१९ मधली 'छाती' ही एकाच पुराची मापं नाहीत. देव तोच असतो, पण त्याच्यापर्यंत पाणी येण्याची वाट आपण बदलून ठेवलेली असते.

वेशीवरचा देव

नदीत उभं राहायला मारुतीच का, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. पक्कं उत्तर देणारा कागद माझ्या हाती नाही, पण महाराष्ट्रातलं कुठलंही गाव आठवून बघा. मारुती वेशीवर असतो. बाहेरून जे काही येईल, रोग, चोर, भूतबाधा, ते आधी त्याला दिसावं. आणि नाशिकवर दरवर्षी येणारं संकट नदीतून येतं. मग वेस म्हणजे नदीच.

नाशिकचा मारुतीशी आणखी एक जुना संबंध आहे. गोदावरी आणि नंदिनीच्या संगमाजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात बारा वर्षं तपश्चर्या केली, असं परंपरा सांगते. पहाटे नदीच्या पाण्यात उभं राहून ते जप करत, असंही सांगतात. तिथला शेणाचा, म्हणजे गोमय मारुती आजही दाखवतात. पुढे याच रामदासांनी गावोगावी मारुती बसवले आणि दासबोधात प्रयत्नाबद्दल इतकं परखड लिहिलं, की वाचताना वाटतं हा माणूस भक्तांपेक्षा आळशांवर जास्त चिडलेला आहे. देवावर भरवसा आणि हातपाय हलवणं यांत त्यांना विरोध दिसला नव्हता.

अजून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा मारुती उघड्यावर आहे. त्याला दार नाही, गाभारा नाही, कुलूप नाही. याच पंचवटीत, नदीपासून थोड्याशा चालीवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या मंदिराकडे गेले, तेव्हा दारं बंद केली गेली. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दारं उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. देव सगळ्यांचं रक्षण करतो असं म्हणायचं आणि त्याच्यापर्यंत कुणी पोहोचायचं ते माणसांनी ठरवायचं, ही गोष्ट याच शहरात, याच नदीच्या काठी घडली आहे.

म्हणून भरवशाबद्दल बोलताना मी आधी विचारते : कुणाचा भरवसा, आणि त्याला दार आहे का? आज पुराची खबर देणाऱ्या मारुतीला दार नाही. पुलावर उभा राहणारा कुणीही ती वाचू शकतो.

आजी, काका आणि धरण

आता घरातली गोष्ट. माझी आजी जुन्या नाशकात, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत राहायची. खाली काकाचं कापडाचं छोटं दुकान, वर घर. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ चुकायची नाही.

पाणी चढायला लागलं की आजीचा क्रम ठरलेला असे. आधी देवापुढे दिवा. मग धान्याचे डबे, कागदपत्रांची पेटी, गाद्या माळ्यावर. शेजारच्यांना हाक. दिवा लावून ती नुसती बसलेली मी कधी पाहिली नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये मी अकरा वर्षांची होते. त्या दिवशी कुणीतरी सांगत आलं, मारुतीच्या कमरेच्या वर गेलंय. आजी काकाला म्हणाली, "अरे, दुकानातली गाठोडी वर टाक."

काका म्हणाला, "आई, वर एवढं मोठं धरण आहे. आता पूर्वीसारखं नाही राहिलं."

आजी म्हणाली, "एकोणसत्तर साली पण धरण होतंच की."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता. आज तो माझ्या प्रबंधाचा एक प्रश्न आहे. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं. नाशिककरांच्या आठवणीतला महापूर १९६९ चा. म्हणजे धरण झाल्यावर चार वर्षांनी.

असं कसं होतं, ते आकड्यांत बघू. गंगापूर धरणात आज साधारण साडेपाच टीएमसी पाणी मावतं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). गाळ साठत गेल्यामुळे मूळ क्षमतेपेक्षा हे कमीच आहे. समजा धरण पूर्ण रिकामं आहे आणि वरून ४०,००० क्युसेकनं पाणी येतंय. ते भरायला साधारण ३८ तास लागतील. दीड दिवस पूर अडवून धरता येईल, छान. पण मोठे पूर येतात ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि तोवर धरण भरत आलेलं असतं. समजा ९० टक्के भरलंय. उरलेली जागा फक्त दहा टक्के. तेवढ्याच येव्याला ती भरायला चार तासही पुरतात. त्यानंतर जेवढं वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. धरण फुटू द्यायचं नसेल तर दुसरा इलाज नाही.

म्हणून कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक धरणांना असतं. पण इथं ओढाताण आहे. पुरासाठी धरण रिकामं हवं, आणि उन्हाळ्यातल्या पिण्याच्या पाण्यासाठी, शेतीसाठी ते भरलेलं हवं. पावसाळ्याच्या शेवटी पाऊस पुन्हा येईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. धरण पावसाचा उशीर पचवतं. मोठा पूर ते थोडा वेळ लांबवतं, थोडा छोटा करतं. थांबवत नाही.

काकाचा धरणावरचा भरवसा आणि एखाद्याचा देवावरचा आंधळा भरवसा यांत मला आता फार फरक वाटत नाही. धरण भरलं की त्याचंही जलपूजन होतं, नारळ फुटतो, ओटी भरली जाते. त्यात काही वाईट नाही. वाईट हे, की ज्याच्यावर भरवसा टाकला त्याच्याकडे बघणं आपण सोडून देतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा, म्हणतात तो इथंच.

त्या दिवशी दुकानात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी चिखलात माखलेल्या साड्यांच्या ढिगाशेजारी काका पायरीवर बसला होता. म्हणाला, "एवढं तेल घातलंस आई, काय वाचवलं त्यानं?"

आजी साड्या धुवायला बादल्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तो सकाळपासून सांगत होता की."

माझी चूक

आता तुम्हाला वाटेल, काका चुकला, शिकलेली पुतणी शहाणी निघाली. तसं नाही.

२०१९ च्या पुरात मी एमएस्सीला होते आणि पुराविषयी आपल्याला सगळं कळतं अशा वयात होते. पाणी चढायला लागलं तेव्हा मी गंगेवर गेले. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) फोनवर दर थोड्या वेळानं धरणाच्या विसर्गाचे आकडे येत होते. घाटाच्या बाजूला फुलं आणि पूजेचं सामान विकणाऱ्या एक मावशी ताडपत्री गुंडाळून, पाट्या डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, घाई नका करू, धरणातून अजून फार सोडलेलं नाही."

त्या म्हणाल्या, "ते धरणातलं, बाई. मी इथलं बघते." आणि मारुतीकडे हनुवटी उडवून निघून गेल्या.

त्यांचं बरोबर होतं. माझा आकडा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्या जागेचा होता. धरण शहराच्या वर काही किलोमीटरवर आहे. धरणाच्या खाली आणि शहराच्या वर जो पाऊस पडतो, तो कुठल्याही दरवाजातून येत नाही. तो ओढ्यानाल्यांतून थेट नदीत उतरतो. म्हणून 'धरणाचा विसर्ग' आणि 'होळकर पुलाखालचा प्रवाह' हे दोन वेगळे आकडे असतात, आणि जोराच्या पावसात दुसरा पहिल्यापेक्षा बराच मोठा असू शकतो. मी धरणावर भरवसा ठेवून नदीकडे पाठ केली होती. मावशींचा भरवसा मारुतीवर होता आणि म्हणून त्यांची नजर नदीवर होती.

तिथून मी भरवशाचे दोन प्रकार करायला शिकले. एक भरवसा नजर बांधून ठेवतो : ज्याच्यावर विसंबलोय त्याच्याकडे आपण पुन्हा पुन्हा बघतो, तो काय सांगतोय ते ऐकतो, आणि मग हात हलवतो. दुसरा भरवसा नजर सोडवतो : तो आहे ना, मग मला बघायची गरज नाही. पहिला देवावर ठेवता येतो, यंत्रावरही ठेवता येतो. दुसराही दोघांवर ठेवता येतो, आणि दोन्हीकडे सारखाच बुडवतो.

इथं एक कबुली द्यायला हवी. आजीच्या घराला माळा होता. मावशींना चढावर पाट्या ठेवायला ओळखीचा ओटा होता. मारुती खबर देतो, वरचा मजला देत नाही. नासर्डी आणि वाघाडीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी त्याहून वेगानं चढतं, तिथं कुणी दुतोंड्या मारुती उभा नाही, आणि घरं बैठी. अशा घरात 'देवाच्या भरवशावर' म्हणजे अनेकदा 'दुसरं काहीच हातात नाही' एवढाच अर्थ असतो. तिथल्या माणसाला श्रद्धेवरून बोल लावणं सोपं आहे. त्याला वेळेत निरोप आणि जायला कोरडी जागा देणं कठीण आहे, आणि ते काम देवाचं नाही.

शंभर वर्षांतून एकदा

पुराच्या नकाशांवर दोन रेषा असतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द. लाल म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस निर्धास्त होतो : आपल्या हयातीत कशाला येतोय! पण त्याचा खरा अर्थ असा, की दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का. एखाद्या घरात तुम्ही तीस वर्षं राहिलात, तर लाल रेषेपर्यंतचा पूर किमान एकदा बघायची शक्यता साधारण २६ टक्के. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा ७१ टक्के. घराचं कर्ज फिटेपर्यंत पाणी उंबऱ्याला लागून जाण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त.

आणि २००८, २०१६, २०१९ ही सालं एकाखाली एक लिहून बघा. बारा वर्षांत तीनदा शहर हादरलं.

आता पुढची तारीख. सिंहस्थ कुंभमेळा गुरू सिंह राशीत असताना भरतो आणि नाशिकचं मुख्य स्नान नेहमी पावसाळ्यात येतं. पुढच्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २०१६ चा पूर २ ऑगस्टचा होता, २०१९ चा ४ ऑगस्टचा. याचा अर्थ त्या दिवशी पूर येणारच, असा अजिबात नाही. २०१५ च्या सिंहस्थात तर पाऊस इतका कमी होता की स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं का, यावर न्यायालयात वाद झाला. पण त्या आठवड्यांत पूर येऊ शकतो, हे नदीनं दोनदा लिहून दिलंय. २७ ऑगस्ट २००३ ला पूर नसतानाही चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते.

लाखो लोक त्या दिवशी देवाच्या भरवशावर पात्रात उतरतील. त्यांचा भरवसा त्यांनी खुशाल ठेवावा. मात्र व्यवस्था करणाऱ्यांनी त्याच भरवशावर राहू नये. त्यांनी आजीचा क्रम पाळावा : दिवा लावायचा तर लावा, पण गाठोडी आधीच वर गेली पाहिजेत.

आजी आता नाही. काका दर पावसाळ्यात जूनमध्येच खालच्या फळ्या रिकाम्या करतो, आणि शनिवारी तेलही घालतो. दोन्हीबद्दल कधी काही बोलत नाही.

तुम्ही नाशकात राहत असाल तर दोन कामं सांगते. आपलं घर कुठल्या पूररेषेच्या आत आहे, ते या आठवड्यात बघून घ्या. आणि पुढच्या पावसात गंगेवर गेलात, तर हात जोडायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मारुतीला पाणी कुठवर आलंय ते नीट बघा, आणि काठावर राहणाऱ्या कुणाला तरी फोन करून सांगा.